जिमची फी नेमकी कशाची? सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या एका ताईंच्या वहीचं एक पान माझ्यासमोर आहे. दोनशेपानी रेघांची वही, मागच्या बाजूने सुरू केलेली. वर तारीख नाही, फक्त ‘मंगळवार’ लिहिलंय. खाली असं:

६.०५ सुरुवात.
६.०९ दूध आलं.
६.१३ आईंचा चहा.
६.१८ कुकर. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
६.२४ मोजे सापडत नाहीत.
६.३१ नळाला पाणी आलं, पिंप लावलं.
६.३५ सोडलं.

“अर्ध्या तासात ब्रिज किती झाले?” मी विचारलं. ब्रिज म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं. “दहाचा एक सेट झाला बघा मॅडम. दुसऱ्यात सहा झाले आणि पाणी आलं.”

मी सांगलीत चौदा वर्षं फिजिओथेरपीचा व्यवसाय करते. ‘व्यायाम घरी करू की जिम लावू?’ हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं: साधनांचं काही नाही, नियम महत्त्वाचा, घरी केलात तरी चालतंय. हे प्रकरण घडल्यापासून मी ते उत्तर देणं बंद केलंय. दोघा नवरा-बायकोच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते इथे सविस्तर लिहिते.

दोघं, एकच छप्पर

ताई सत्तेचाळीस वर्षांच्या, एका पतसंस्थेत नोकरीला. यजमान एक्कावन्न, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. घर गावभागात, जुनं, खाली तीन खोल्या, वर एक खोली आणि पुढे स्लॅबची गच्ची. घरात शहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि बारावीतला मुलगा. मुलगी पुण्याला शिकते.

डिसेंबरात दोघांनी एकाच दिवशी रक्त तपासून घेतलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ताईंचा ६.१ आणि यजमानांचा ६.३ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. डॉक्टरांनी औषध दिलं नाही, तीन महिने व्यायाम करून या म्हणाले. ताईंचा उजवा गुडघा जिना उतरताना दुखायचा, म्हणून दोघं माझ्याकडे आले.

पहिल्या दिवशीच्या नोंदी. ताई: वजन ७१ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. यजमान: ७८ किलो, कंबर ९९. आपल्याकडच्या बांध्याला बायकांची कंबर ८० आणि पुरुषांची ९० च्या आत असावी असं धरतात. मग मी खुर्चीची चाचणी घेतली. हात छातीवर बांधायचे आणि तीस सेकंदांत खुर्चीवरून जितक्या वेळा पूर्ण उभं राहून बसता येईल तितकं करायचं. ताईंचे नऊ झाले. साठी ओलांडलेल्या बाईचे बाराच्या खाली आले तरी आम्ही ते कमी धरतो, आणि ताई सत्तेचाळिशीच्या. गुडघ्याच्या दुखण्याचं मूळ मला तिथेच दिसलं. गुडघ्यात मोठा बिघाड नव्हता. त्याला वरून धरणारी मांडी दुबळी पडली होती. यजमानांचे चौदा झाले.

दोघांना मी एकच कार्यक्रम लिहून दिला. आठवड्यातून पाच दिवस, पस्तीस मिनिटं: खुर्चीवरून ऊठबस, ओट्याला हात टेकून जोर, ब्रिज, जिन्याच्या खालच्या पायरीवर चढ-उतार आणि खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून मागे ओढणं. संध्याकाळी जमलं तर कृष्णेच्या घाटापर्यंत चालणं. मॅट, दोन पट्टे आणि तीन किलोच्या डंबेल्सची जोडी, एवढ्या सामानावर दीड हजारांच्या आसपास खर्च आला. घरीच करू, जिमला कशाला पैसे घालवायचे, हे तिघांच्या मताने ठरलं. त्या तिघांत मी होते.

बारा आठवड्यांनंतर

साठांपैकी यजमानांचे बावन्न दिवस पूर्ण झाले, तेही हळदीचा हंगाम अंगावर असताना. कंबर ९५ वर आली, साखर ५.९ वर. ताईंचे पूर्ण दिवस एकोणीस, अर्धवट सोडलेले तेवीस, बाकी कोरे. कंबर जिथल्या तिथे, साखर ६.१, खुर्चीवरचा आकडा नऊवरून अकरा.

यजमान म्हणाले, “मॅडम, तिला कंटाळा हाय. मी उठतोय की नाही सहाला?”

आणि मी ताईंना म्हणाले, “ताई, जरा मनावर घ्यायला हवं.” हे मी म्हणाले याचं मला आजही वाईट वाटतं. त्या काही बोलल्या नाहीत, मान डोलावून गेल्या. सकाळी साडेपाचला उठून दोन डबे, नाष्टा, सासूबाईंचं पथ्य सांभाळून दहाला कामावर हजर होणारी बाई मनावर घेत नसेल हे मला पटायलाच नको होतं. चार दिवस ते डोक्यातून जाईना. मग फोन केला आणि म्हणाले, आठवडाभर व्यायामाच्या वेळात काय काय होतं ते फक्त लिहा. व्यायाम झाला नाही तरी चालेल.

वही त्यातून आली. पाच सकाळींत एकतीस वेळा त्यांना उठावं लागलं होतं. यजमानांना विचारलं, तर गच्चीवर त्यांना आठवड्यात दोनदा हाक आली होती, त्यातली एक चहा झाला म्हणून.

मला यात कुणाला दोषी धरायचं नाही. सासूबाई मुद्दाम हाक मारत नव्हत्या, मुलगाही तसा वाईट नाही. पण घरातला पुरुष गच्चीवर गेला की तो ‘व्यायामाला गेला’ असं घर समजतं, आणि बाई आतल्या खोलीत मॅट टाकून पडली की ती घरातच असते. ताई स्वतःच म्हणाल्या, “मी मोकळी दिसले की कुणाला तरी काय तरी लागतंयच.” त्यांच्या लेखी घर ही कामाची जागा आहे. पतसंस्थेच्या काउंटरवर बसून कुणी व्यायाम करू शकेल का?

आधी घरातच उपाय शोधले. पहाटे पाचला उठून पाहिलं, नऊ दिवस टिकलं. झोपायला साडेअकरा वाजतात, झोप साडेपाच तासांवर आली आणि दिवसभर डोकं जड. आकडे उंबरठ्यावर असलेल्या माणसाची झोप तोडून व्यायाम करवणं मला मान्य नाही, मीच थांबवलं. मग गच्ची. तिथे पहिल्याच दिवशी खालून आवाज आला, “वर चाललीस तर येताना वाळवण काढून आण.” शिवाय शेजारच्या तीन गच्च्या उघड्या, सलवार-कुर्त्यात ऊठबस करताना ताईंना अवघड व्हायचं. दार लावून घेणं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना वाटलं, सूनबाईला बरं नाही.

तेव्हा मी जिमचं नाव काढलं.

सासूबाईंचे दोन आक्षेप

पहिला पैशाचा. “पैसे देऊन घाम गाळायचा? धुणं हातानं धू की.” हा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही. घरकाम ही शरीराची हालचाल आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यात मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी असं म्हटलंय, आणि घरकाम त्यात धरता येतं. पण त्याच सल्ल्यात पुढे आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम वेगळा सांगितलाय. धुण्याची बादली वीस वर्षं तेवढीच राहते. स्नायूला सवयीचं ओझं कितीही वेळा दिलं तरी तो आहे तिथेच थांबतो. थोडं जास्त दिलं की पुढच्या वेळेसाठी तयारी करतो. ताईंची मांडी घरकामाने दमत होती, पण बळकट होत नव्हती. सासूबाईंना मी हे दळणाच्या डब्याचं उदाहरण देऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

दुसरा आक्षेप त्यांनी मला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगितला. “बाईनं वजन उचलू नये. अंग बाहेर येतं.” गर्भाशय खाली उतरण्याची ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तिला आधार नाही असं मी म्हणणार नाही. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, आणि श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब थेट त्यांच्यावर येतो. ताईंची दोन बाळंतपणं झालेली. विचारलं तेव्हा कळलं, खोकताना-शिंकताना थोडी लघवी व्हायची. सहा वर्षं होत होती आणि त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. म्हणजे सासूबाईंच्या त्या एका वाक्यामुळे मला तपासणीत राहून गेलेली गोष्ट सापडली. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलं, अंग उतरलेलं नव्हतं. तीन आठवडे मी फक्त तळाचे स्नायू आवळणं-सोडणं आणि वजन उचलताना फुंकर मारत श्वास सोडणं शिकवलं. वजनाची मनाई करायची गरज नव्हती. श्वास धरायची मनाई केली.

आणि सांगलीत बाईने लोखंड उचलणं नवं राहिलेलं नाही. पानटपरी चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा संकेत सरगर याने २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य आणलं, सुवर्ण एका किलोने हुकलं. त्याआधी दोनच महिने त्याची धाकटी बहीण काजोल हिने खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण मिळवलं होतं. सासूबाईंना संकेत माहीत होता, पोरीचं माहीत नव्हतं. “तीबी उचलती व्हय?” एवढंच म्हणाल्या.

जिमचे दिवस

ताईंनी भिशीच्या पैशातून तीन महिन्यांचे तीन हजार भरले. एक अट मी घातली: घरी जायचं नाही, पतसंस्थेतून थेट जिमला. एकदा घराचा उंबरा ओलांडून आत गेलं की परत बाहेर पडणं होत नाही, हे वहीने सांगितलं होतं. कपड्यांची पिशवी सकाळी डब्याबरोबरच भरायची. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते सात.

पहिल्या आठवड्यात गडबड झाली. तिथल्या ट्रेनरने, बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा असेल, वजन बघून ट्रेडमिलला चढ लावून वीस मिनिटं चालवलं आणि मग बसून पाय सरळ करायच्या मशीनवर भरपूर वजन दिलं. गुडघा सुजला. वर प्रोटीनच्या डब्याचाही आग्रह. चूक त्याची एकट्याची मानत नाही मी. मीही ताईंना चिठ्ठी न देता पाठवलं होतं. नंतर स्वतः गेले, त्याच्याशी बोलले, आणि कागदावर पाच व्यायाम लिहून भिंतीवर चिकटवले. मुलगा चांगला निघाला, पुढे वजनाचा आकडा तोच नेमाने लिहायचा. जिमला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: जुनं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी तोंडी नको, लेखी सांगा.

आता जिममध्ये असं काय मिळालं जे घरी नव्हतं, ते लिहिते.

एक, ओढण्याचे व्यायाम. घरी ढकलण्याचे व्यायाम भरपूर होतात, जोर, ऊठबस सगळं. पाठीने खाली किंवा मागे ओढायचं म्हटलं तर खिडकीच्या गजापलीकडे घरात फारसं काही नसतं. दिवसभर काउंटरवर वाकून बसणाऱ्या बाईला तर पाठच हवी. वरून दांडा खाली ओढायचं मशीन आणि बसून दोरी पोटाकडे ओढायचं मशीन ताईंना पहिल्या दिवसापासून आवडलं. दुसरं, आकडा. रबरी पट्ट्याने आज किती ओढलं ते कळत नाही. मशीनवर १० किलो, मग १२.५, मग १५. ताई हिशेबाच्या माणूस, रोजकीर्द लिहितात तशा त्या वहीत वजनं लिहू लागल्या. पाय रेटायचं मशीन, लेग प्रेस, गुडघा फार न दुमडता २० किलोवर सुरू केलं. चौदाव्या आठवड्यात ६० वर होतं.

पण हे दोन्ही नसतं तरी चाललं असतं. त्या तीन हजारांत ताईंनी खरं विकत घेतलं ते म्हणजे तीन संध्याकाळी घरात नसणं. फी लोखंडाची कमी आणि गैरहजेरीची जास्त होती. “जिमला गेलीय” या वाक्याला घर मान देतं, कारण त्यात जाणं आहे. आणि पैसे भरलेत, हेही आहे.

दरम्यान घराचं काय झालं? पहिले दोन आठवडे जेवण साडेनवाला, धुसफूस. तिसऱ्या आठवड्यात मुलाने यूट्यूबवर बघून कुकर लावला, पाणी जास्त झालं, भात गिचका. त्याच्या पुढच्या आठवड्यात जमला. सासूबाई आपला चहा आपण करून घेऊ लागल्या. त्यांना तो करता येत होताच.

चौदा आठवड्यांत ठरलेल्या बेचाळीसपैकी छत्तीस दिवस झाले. वजन दोनच किलो उतरलं, ६९. कंबर ८९. खुर्चीवरचा आकडा सतरा. जिना उतरताना गुडघा दुखायचा थांबला, पावसाळ्यात अधूनमधून बोलतो. खोकताना होणारा त्रास जवळजवळ गेला. साखर ५.८. या शेवटच्या आकड्याचं सगळं श्रेय मी जिमला देत नाही, कारण त्याच काळात त्यांनी रात्री जेवणानंतर दहा मिनिटं अंगणात फिरणंही सुरू केलं होतं. जेवणातून रक्तात आलेली साखर शोषून घेण्यात स्नायूंचा वाटा सगळ्यात मोठा असतो, आणि हालचाल करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत घेतो. त्यामुळे दोन्हींचा उपयोग झाला असणार. कुणाचा किती, हे एका घरावरून ठरत नाही.

यजमान जिमला का टिकले नाहीत

बायकोचे आकडे बघून त्यांनीही एका महिन्याचे पैसे भरले. तीन आठवड्यांत परत गच्चीवर. सकाळी गर्दी, एका मशीनसाठी दहा मिनिटं थांबायचं, मोठ्याने गाणी. घरात त्यांना जी शांतता आयती मिळत होती ती तिथे नव्हती. मी आग्रह केला नाही.

पण त्यांची गाडी पाचव्या महिन्यात अडकली होती. जमिनीवरच्या जोरात शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. सलग वीस जोर सहज होऊ लागल्यावर तोच भार पुरेना. घरी व्यायाम करणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडतं, आणि मग ते पन्नास, साठ, शंभर असं मोजत बसतात. आम्ही मुलाच्या जुन्या दप्तरात पाच किलो हळकुंडं भरून ते पाठीवर घेतलं, पुढे दहा केली. ओढण्यासाठी गच्चीच्या जिन्याच्या लोखंडी तुळईला सुताराकडून मजबूत दांडा बसवून घेतला. पहिल्या महिन्यात फक्त लटकणं, आता दोनदा हनुवटी वर जाते.

पावसाळा

जुलैअखेर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे चढायला लागलं. गावभागातल्या माणसाला तो आकडा ऐकला की २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवतात. रात्री दहाला खालचं सामान वर न्यायला सुरुवात झाली. वीस किलोची तांदळाची गोणी ताईंनी खांद्याशी धरून एकटीने चौदा पायऱ्या वर नेली. खाली येऊन मला रात्री साडेअकराला मेसेज केला: “२० किलो. श्वास सोडत गेले. गुडघा ठीक.”

पाणी घरात आलं नाही, पण ते सगळे विश्रामबागला नणंदेकडे आठ दिवस होते. जिम तेवढे दिवस बंदच होती. परत आल्यावर ताई विचारायला आल्या, मुदत संपलीय, आता घरीच केलं तर? मी म्हणाले, अजून तीन महिने भरा, आणि त्यासोबत एक दिवस घरी करून बघा, वही घेऊन. सुरुवातीला मीच त्यांना घरी व्यायाम करायला बसवलं होतं, त्यामुळे या वेळी माझ्या अंदाजापेक्षा वहीवर विसंबायचं ठरवलं.

परवा त्या वही घेऊन आल्या. रविवारचं पान.

६.१० सुरुवात.
६.२२ मुलगा, चार्जर. “टेबलावर बघ” म्हटलं. उठले नाही.
६.३८ आई दारात. विचारलं काय पाहिजे. म्हणाल्या, काय नाही, चालू दे.
६.४६ झालं.